होस्टेलवर नवीन आलात? पार्सल मागवण्याआधी आणि खोका फोडल्यानंतर

प्रवेश सुरू झाले की आमच्या होस्टेलच्या वॉचमनकाकांच्या टेबलाखाली पार्सलांचा ढीग लागायला सुरुवात होते. बादली, चादर, एक्स्टेंशन बोर्ड, टेबललॅम्प, चपला, आरसा. खोली रिकामी असते, शहर अनोळखी असतं, आणि हवी ती वस्तू फोनवर समोरच दिसत असते. मीही तेच केलं. जिंतूर तालुक्यातल्या गावातून छत्रपती संभाजीनगरला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या नावानं अकरा पार्सलं आली. खोके कॉटखाली सारले. म्हटलं, कधीतरी लागतील. पावसाळ्याचे दिवस. दिवाळीला गावी निघताना ते बाहेर ओढले तर पुठ्ठा दमट होऊन चिकटलेला आणि त्याच्या नळ्यांमध्ये झुरळांची पिल्लं. घाईघाईत सगळं मागच्या भिंतीपाशी नेऊन टाकलं. संध्याकाळी कुणीतरी त्या ढिगाला काडी लावली, आणि तो काळा धूर आमच्याच मजल्यावरच्या खिडक्यांमधून आत आला. एका मैत्रिणीला दम्याचा त्रास होता. ती रात्रभर बसून होती.

त्या रात्रीपासून मी हे एकेक करून शिकत गेले. संभाजीनगर असो, नांदेड, परभणी किंवा लातूर. होस्टेल असो की गल्लीतली भाड्याची रूम, पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं इथे सांगते. सगळ्याचं सार एवढंच, की खोका खोलीत येण्याआधी जितका थांबवता येईल तितका थांबवायचा आणि आलाच तर तो कोरडा ठेवून योग्य हातात द्यायचा.

संभाजीनगर शहर कचऱ्याच्या बाबतीत पोळलेलं आहे, हेही आधी माहीत असू द्या. तुम्ही शाळेत होतात तेव्हा, फेब्रुवारी 2018 मध्ये, नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात ओतला जात होता. त्यांच्या विहिरी आणि त्यांची हवा खराब झाली होती. मग कित्येक आठवडे शहरातल्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, आणि मार्चमध्ये शहराच्या कडेला असलेल्या मिटमिट्याला त्यावरून मोठा उद्रेक झाला. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी असे कचऱ्यावर प्रक्रिया करायचे प्रकल्प उभे राहिले. आपण खोलीतून बाहेर ठेवलेली पिशवी कुणाच्या तरी गावाजवळच जाते. ते गाव आपल्यापैकीच कुणाचं तरी असतं.

पहिले पंधरा दिवस काही मागवू नका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे, आणि सगळ्यात जास्त फायद्याचीही. खोलीत राहायला लागल्यावर खरं काय लागतं ते आठवड्याभरात कळतं. एक वही घ्या आणि लागेल तसं लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी वाचा. निम्म्या गोष्टी तुमच्या तुम्हीच खोडाल.

उरलेल्यांपैकी बऱ्याच वस्तू होस्टेलमध्येच असतात. कोर्स संपवून गेलेल्या ताई-दादांच्या बादल्या, गाद्या, टेबलफॅन, कपडे वाळत घालायचे स्टँड माळ्यावर किंवा कॉमन रूममध्ये पडून असतात. वॉचमनकाकांना विचारा, मेसच्या मावशींना विचारा. लाजू नका. माझी आत्ताची बादली तिसऱ्या हातावरची आहे आणि तिला अजून तडा गेलेला नाही.

बादलीवरून एक हिशेब सांगते. कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, वस्तू गाडीत किती जागा अडवते तेही बघतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि साधारण 5,000 ने भागायचं, की त्या पार्सलचं किलोतलं 'आकारमानी वजन' निघतं. 30 बाय 30 बाय 30 च्या खोक्यातली बादली म्हणजे 27,000 भागिले 5,000, म्हणजे 5.4 किलो. बादली स्वतः एक किलोचीही नसते. उरलेली सगळी हवा, आणि ती हवा भिवंडीच्या एखाद्या गोदामातून ट्रकनं घाट चढून मराठवाड्यात येते, वर पुठ्ठा आणि प्लास्टिक गुंडाळून. अशा पोकळ आणि अवजड वस्तू गावातच घ्या. बादली, मग, टोपली, उशी, केराची सुपली, आरसा, झाडू. गुलमंडी, पैठण गेट, शहागंज, सिडकोतलं टीव्ही सेंटर, कुठेही मिळतील. लातूरला असाल तर गंजगोलाई आहेच. जाताना कापडी पिशवी न्या. दुकानात मिळणारी पातळ पिशवी मुळात चालतच नाही. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक कॅरीबॅगवर देशभर बंदी आहे.

तरी एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. ऑनलाइन खरेदी वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या गावाजवळ स्पर्धा परीक्षेचं एक पुस्तक मिळायला परभणी गाठावी लागायची. आमच्यातल्या कितीतरी मुलींना आतले कपडे किंवा पॅड गल्लीच्या दुकानात पुरुष दुकानदारासमोर मागायला संकोच वाटतो, आणि त्या कारणानं त्या फोनवरून मागवतात. ते मागवायलाच हवं. वाचवायचं ते उगाच मागवलेलं.

दोन रात्री कार्टमध्ये

जे मागवायचं ठरलं ते कार्टमध्ये टाका आणि दोन रात्री तसंच राहू द्या. तिसऱ्या दिवशीही हवंसं वाटलं तर घ्या.

अ‍ॅप तुम्हाला थांबू देणार नाही. 'फक्त 2 शिल्लक', '14 मिनिटांत ऑफर संपणार', 'आत्ता 37 जण हेच बघताहेत' असं लिहून येईल. यातलं पुष्कळसं तुमची घाई व्हावी म्हणूनच लिहिलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये अशा फसव्या रचनांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांचे 13 प्रकार नोंदवले. खोटी घाई त्यात आहे. न विचारता कार्टमध्ये एखादी वस्तू किंवा विमा घुसडणं आहे. 'नको, मला बचत करायची नाही' असं बटण दाबायला लावून माणसाला लाजवणंही आहे. हे प्रकार ओळखता आले की त्यांची पकड सुटते.

फोनमध्ये दोन बदल लगेच करा. शॉपिंग अ‍ॅपचे नोटिफिकेशन बंद करा, आणि सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी नंबर भरावा लागला की अर्ध्या खरेद्या तिथेच थांबतात. रात्री अकरानंतर अ‍ॅप उघडायचं नाही, हा मी माझ्यापुरता केलेला नियम. दिवसभराच्या लेक्चरनंतर थकलेल्या डोक्यानं केलेली खरेदी सकाळी बहुतेक वेळा पटत नाही. आई फोनवर विचारायची, "काहून मागवतीस गं सारखं सारखं?" तेव्हा राग यायचा. आता ऑर्डर देण्याआधी तोच प्रश्न मी मला विचारते.

ऑर्डर देताना

मोफत डिलिव्हरीची मर्यादा गाठण्यासाठी नको ती वस्तू टाकू नका. त्याऐवजी मजल्यावर विचारा. आमच्या मजल्यावर महिन्यातून दोनदा एकत्र ऑर्डर जाते. एक ग्रुप आहे, पंधरा दिवसांत ज्याला जे लागेल ते त्यात लिहायचं, आणि एक जण एकाच पत्त्यावर सगळं मागवतो. पैसे यूपीआयनं लगेच द्यायचे, उधारी नाही. उधारीमुळे असे गट मोडतात. काही अ‍ॅपवर सगळ्या वस्तू एकाच दिवशी, एकाच खोक्यात पाठवा असा पर्याय असतो, तो निवडा. एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

कपडे आणि चपला यांच्याकडे जास्त लक्ष द्या, कारण परत जाणाऱ्या पार्सलांत मोठा वाटा त्यांचा असतो. दोन मापं मागवून एक परत करायची सवय लागली की एका कुर्त्यामागे दोन पिशव्या येतात आणि त्यातली एक पुन्हा तेवढाच प्रवास करून माघारी जाते. शिंप्याकडे मिळते ती टेप विकत घ्या. तुम्हाला नीट बसणारा एखादा शर्ट गादीवर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून खालपर्यंत आणि बाहीची लांबी मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. वस्तूच्या पानावरच्या मापांच्या तक्त्याशी हे आकडे जुळवा. एम आणि एल ही अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, सेंटीमीटर सगळीकडे सारखाच. चपलेसाठी कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो.

कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारात नाकारणं ही दुसरी वाईट सवय. पार्सल आलं तेव्हा तुम्ही वर्गात असता, फोन सायलेंट असतो, पार्सल परत जातं आणि पुन्हा येतं. डिलिव्हरीवाला पोरगाही बऱ्याचदा आपल्याच वयाचा असतो, आणि त्याचे पैसे साधारण पार्सल पोचलं तरच सुटतात. पत्त्यात होस्टेलचं नाव, गेटची खूण आणि तुम्ही केव्हा भेटाल ती वेळ मराठीत किंवा हिंदीत नीट लिहा. बेगमपुऱ्याकडचं गेट की दुसरं, एवढं लिहिलं तरी त्याची एक चक्कर वाचते.

विक्रेत्याला निरोप लिहायची जागा असेल तर लिहा की लहान खोका चालेल आणि बबल रॅप नको. सगळे ऐकत नाहीत. पुस्तकं विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनी मात्र माझं दोनदा ऐकलं, नुसत्या जाड कागदात गुंडाळून पाठवलं.

पार्सल हातात आल्यावर

महाग वस्तू असेल तर खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा, सुरुवात लेबल दिसेल अशी. तक्रार करायची वेळ आली तर तो तुमचा पुरावा. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात की कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. तसं झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही.

'पार्सल अडकलंय, लिंकवर 5 रुपये भरा' किंवा 'ओटीपी सांगा' असा फोन आला आणि तुम्ही काहीच मागवलेलं नसेल तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता 1930 वर कळवा.

खोका टाकण्याआधी लेबल काढा. त्यावर तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि खोलीचा पत्ता असतो. मुलींनी तर हे कधीच विसरू नये. लेबल सोलून निघालं नाही तर त्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवा. असली लेबलं बहुतेक थर्मल कागदाची असतात, उष्णता लागली की सगळं काळं होतं आणि वाचता येत नाही. हा थर्मल कागद रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा थर असतो. तो वेगळा टाका.

फोडल्यानंतरची दहा मिनिटं

खोका फोडल्यावर वस्तू बाजूला ठेवायची आणि लगेच दहा मिनिटं आवरण वेगळं करायला द्यायची. 'नंतर करू' म्हणून ठेवलेलं कॉटखाली जातं, आणि कॉटखाली गेलेल्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

पुठ्ठा आधी घ्या. किल्लीच्या टोकानं चिकटपट्टी कापा, ओढून काढा, तळ आत दाबा, खोका सपाट होतो. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये जो नागमोडी कागद दिसतो तो स्टार्चच्या खळीनं चिकटवलेला असतो, आणि म्हणून झुरळांना आणि कसरीला पुठ्ठा फार आवडतो. सपाट करून भिंतीला उभा टेकवून ठेवलात तर त्यात हवा खेळते. कारखान्यात हा पुठ्ठा पाण्यात भिजवून लगदा करतात आणि पुन्हा तोच तपकिरी कागद बनवतात. असं पाच-सात वेळा होऊ शकतं, दर वेळी धागा थोडा आखूड होत जातो. चिकटपट्टी राहिली तर लगद्यात अडकते, तेल लागलं तर कागद वाया जातो. आणि एकदा भिजला की भंगारवाला भाव पाडतो किंवा घेतच नाही. म्हणून पिझ्झाच्या खोक्याचं तेलकट झाकण फाडून वेगळं टाका, कोरडा भाग तेवढा पुठ्ठ्यात.

आता प्लास्टिकच्या पिशव्या. भंगारच्या धंद्यात या पातळ प्लास्टिकला 'पन्नी' म्हणतात. सगळी पन्नी एका जातीची नसते, आणि ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अंगठ्यानं ताणून बघा. लवकर न फाटता लांबत गेली तर ती मऊ जात, कुरिअरची करडी पिशवी, बबल रॅप आणि हवेच्या उशा त्यात येतात. बऱ्याचदा त्रिकोणात 4 आकडा असतो. ही पुन्हा वापरात जाते. कुरकुर वाजणारी आणि न ताणता एकदम फाटणारी, शर्टावरची पारदर्शक पिशवी असते तशी, वेगळी ठेवा. तिसरी चकाकती. मुठीत चुरगाळून सोडलीत की पुन्हा उलगडते, वेफर्स-बिस्किटांच्या पुड्यांसारखी. तिच्यात एकावर एक वेगवेगळे थर असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. तिचा शेवट झालाच तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून होतो. तुमच्या हातात एकच इलाज, तसलं आवरण कमी आणणं. दहा छोट्या पुड्यांऐवजी एक मोठा पुडा, किंवा सरळ फुटाणे-शेंगदाणे कागदात बांधून घेणं.

कागदी दिसणाऱ्या कुरिअर पिशव्यांनी मी बरेच दिवस फसले. कडा हळूच फाडून बघा. आतून पारदर्शक पापुद्रा लोंबला तर ती निव्वळ कागदाची नाही, रद्दीत चालत नाही. 'बायोडिग्रेडेबल' असं छापलेली पिशवीही गॅलरीतल्या कुंडीत पुरून काही होत नाही, तिला मोठ्या खत प्रकल्पातली उष्णता लागते.

थर्माकोल घेणारा सहसा कुणी भेटत नाही. टेबलफॅन किंवा लॅपटॉपबरोबर आला असेल तर परत करायची मुदत संपेपर्यंत खोक्यासकट ठेवा. नंतर अख्खाच सुक्या कचऱ्यात द्या. तोडू नका, त्याचे पांढरे दाणे वाऱ्यावर उडून नालीत जातात, तिथून वेचणं कुणालाच शक्य नसतं.

आवरण धुवायचं का, असं नवीन मुलं विचारतात. मराठवाड्यात हा प्रश्न साधा नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. नळाखाली प्लास्टिक धुवू नका. खाद्यपदार्थांचा डबा असेल तर आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसा, मग ताट विसळलेल्या पाण्यातून काढा आणि उन्हात पालथा घाला. काळे-पांढरे झाकणाचे डबे बहुतेक 5 आकड्याचे असतात, भक्कम असतात, डाळ-मीठ ठेवायला वर्षभर चालतात. गरम मात्र त्यात काही ठेवू नका.

कुणाच्या हातात द्यायचं

होस्टेलमध्ये असाल तर आधी सफाई करणाऱ्या मावशींना विचारा. बऱ्याच ठिकाणी पुठ्ठा आणि पन्नी त्या वेगळी काढतात आणि विकतात. पगार थोडा असतो, त्यात तेवढीच भर. आपण स्वतः विकून चार पैसे करायचं ठरवलं तर त्यांच्या ताटातलं काढून घेतो. आमच्याकडे आम्ही मावशींशी बोलून वार ठरवला. बुधवारी आणि शनिवारी सकाळी सपाट केलेला पुठ्ठा जिन्याखाली दोरीनं बांधून ठेवायचा. त्यांना वाकून कचऱ्यातून वेचावा लागत नाही, आणि माल कोरडा मिळाल्यानं भावही बरा येतो. ब्लेड, फुटलेली काच, स्टेपलरच्या पिना पुठ्ठ्याच्या तुकड्यात गुंडाळून, वर जाड अक्षरात 'काच' लिहून द्या. त्यांच्या हातात बहुतेक वेळा मोजे नसतात.

भाड्याच्या रूमवर राहत असाल तर गल्लीतल्या भंगारवाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा बोलवा. भाव सतत खालीवर होत असतो, आधी विचारून घ्या. उरलेलं सगळं घंटागाडीत, पण ओला, सुका, सॅनिटरी आणि धोकादायक असं वेगवेगळं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून, कधीही सुक्यात नाही. गाडी सकाळी येते आणि तुम्ही रात्री दोनला झोपता, ही अडचण मला माहीत आहे. शेजारच्या काकूंशी बोला, त्यांच्या डब्याशेजारी तुमचा डबा ठेवू द्या म्हणा. मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

जाळायचं मात्र कधीच नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. दंडाच्या आधी धूर असतो, आणि तो सगळ्यात आधी आपल्याच फुप्फुसांत जातो.

बंद पडलेले इअरफोन, चार्जर, केबल, पॉवर बँक सुक्या कचऱ्यात टाकू नका. फुगलेली पॉवर बँक तर मुळीच नाही. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिला आग लागू शकते. ई-कचरा आणि बॅटरी या दोन्हींसाठी 2022 चे नियम आहेत आणि माल परत गोळा करायची जबाबदारी त्यांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, किंवा कॉलेजमध्ये ई-कचरा संकलन होईल तोवर पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा.

होस्टेलकडून काय मागायचं

एकट्यानं किती करणार, असं दुसऱ्या महिन्यात वाटायला लागतं. तेव्हा रेक्टरना अर्ज द्या. मागण्या लहान आणि स्वस्त ठेवा, मान्य होतात. पार्सल जिथे उतरतात तिथेच एक छोटं टेबल, त्यावर दोरीला बांधलेली कात्री, शेजारी पुठ्ठ्यासाठी एक पत्र्याचं शेड किंवा जिन्याखालची कोरडी जागा आणि पन्नीसाठी एक पोतं. पार्सल तिथेच फोडायचं, आवरण तिथेच ठेवायचं, वस्तू तेवढी खोलीत न्यायची. बाकी कशानं फरक पडला नाही एवढा यानं पडला, कारण कुणाला वेगळं काही आठवावं लागत नाही. अर्जात हेही लिहा, की घनकचरा नियमांनी रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना, वसतिगृहं आणि विद्यापीठंही त्यात आली, जागेवरच वर्गीकरण करायची जबाबदारी दिली. आमचा पहिला अर्ज फाइलमध्येच राहिला. दुसऱ्यांदा आम्ही अर्जासोबत एका आठवड्यात साठलेल्या पुठ्ठ्याचं वजन लिहून दिलं, मेसच्या काट्यावर मोजून. त्यावर पंधरा दिवसांत शेड मिळालं.

डबा आणि खोका

आपल्याकडे जाऊन परत येणाऱ्या आवरणाची पद्धत जुनीच आहे. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलांसाठी घरून एसटीनं डबा यायचा. कितीतरी गावांतून अजून येतो. कापडात बांधलेला, नाव लिहिलेला, कंडक्टरच्या हाती दिलेला. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा माघारी. माझ्या चुलतभावाचं अकरावी-बारावीचं जेवण दोन वर्षं असंच आलं, आणि डबे एकूण दोन, एक जायचा आणि एक यायचा. ते फडकं अजून घरी आहे. त्यावरून मला सुचलं की खोकेही असे फिरवता येतात.

वर्षभरात आलेल्या खोक्यांतून तीन-चार मजबूत निवडून ठेवा. कड बघा. नागमोडी कागदाचा एकच थर दिसला तर खोका तीन पदरी, दोन थर दिसले तर पाच पदरी. पाच पदरी ठेवा. सपाट करून, वर्तमानपत्र गुंडाळून, कपाटाच्या वर ठेवायचे, जमिनीवर नाही. करड्या कुरिअर पिशव्या कात्रीनं नीट कापून उघडल्या असतील तर उलट्या करून पुन्हा वापरता येतात. मित्राला नोट्स पाठवायला किंवा ओले बूट गावी न्यायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. बबल रॅप गुंडाळून एका पिशवीत ठेवा, काचेची बरणी पाठवायची वेळ येतेच.

मग मे महिन्यात परीक्षा संपतात आणि खोली रिकामी करायची असते. तेव्हा सगळे बाजारात खोके शोधत फिरतात. तुमच्याकडे असतील. जड पुस्तकं लहान खोक्यात भरा, मोठ्यात भरली तर तळ फाटतो. कपडे मोठ्यात. तळाला चिकटपट्टीऐवजी सुतळी आडवी-उभी बांधा, उचलायलाही बरं पडतं. बादली, आरसा, कपडे वाळत घालायचा स्टँड घरी नेऊ नका. पुसून, वर एका चिठ्ठीवर 'नवीन येणाऱ्यासाठी' असं लिहून कॉमन रूममध्ये ठेवा आणि वॉचमनकाकांना सांगून जा. खोक्याच्या चारही बाजूंना जाड स्केचपेननं गावाचं आणि फाट्याचं नाव लिहा. एसटीच्या डिकीत सगळे खोके सारखेच दिसतात, आणि जिंतूरच्या स्टँडवर अंधारात नाव वाचूनच ते उतरवून घ्यावे लागतात.